लुगड्याच्या गाठीखालचा व्रण

सावरगाव हे नाव मराठी वृत्तपत्रांत वर्षातून एकदाच, पोळ्याच्या सुमारास, ठळक अक्षरांत येते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाचे झाड रोवले जाते, आणि त्या झाडासाठी दोन्ही काठांवरची माणसे एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. या गोटमारीत दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. डोके फुटलेला तरुण काठावरच पट्टी बांधून घेतो, ती पट्टी मिरवतो आणि पुन्हा पात्राकडे धावतो. ही प्रथा चालू राहावी की बंद पडावी, हा वाद जुना आहे. तो आज येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला लिहावयाचे आहे ते वेगळ्याच जखमेविषयी. ती दगडाने होत नाही, तिच्यातून पहिल्या दिवशी रक्त येत नाही, तिच्यावर कोणी चारचौघांत पट्टी बांधत नाही. ती कमरेवर असते, लुगड्याच्या गाठीखाली, आणि जिच्या अंगावर ती असते ती बाई वर्ष-दोन वर्षे ती कोणाला दाखवीत नाही.

सावरगावचा उल्लेख केला तो निव्वळ योगायोगाने नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर, वर्धा हे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्या छिंदवाड्यातील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन मराठी तालुके २०२३ मध्ये एकत्र येऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि मोठे दुखणे आले की नागपूरची वाट, असा येथला रिवाज आहे. हा मुलूख संत्र्यांच्या बागांचा आणि कापसाच्या शेतांचा. येथल्या वयस्कर कष्टकरी बायकांच्या अंगावर अजूनही लुगडे दिसते: काष्टा मारलेले, परकराशिवाय नेसलेले, आणि दिवसभर वाकून काम करताना सुटू नये म्हणून कमरेवर घट्ट आवळलेले.

२०२४ च्या अखेरीस ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पहिली सत्तर वर्षांची. साडीखालच्या परकराची नाडी ती कमरेला घट्ट बांधीत असे. तिच्या उजव्या कुशीवरचा व्रण अठरा महिने भरून येत नव्हता. दुसरी साठी उलटून सत्तरीकडे झुकलेली. ती परकर न घालता लुगडे नेसत असे, आणि चाळीस वर्षे ते कमरेवर आवळून बांधीत असे. तिचा व्रण दोन वर्षांचा होता. दोघींच्याही व्रणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा तो त्वचेचा कर्करोग ठरला, आणि दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील एका लसिकाग्रंथीपर्यंत जाऊन पोहोचला होता. या स्त्रिया सावरगावच्या होत्या असे नव्हे. पण ज्या रीतीने त्या वस्त्र नेसत होत्या ती रीत सावरगावची आहे, वर्ध्याची आहे, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांचीही आहे.

ही हकीकत बाहेर आल्यावर जगभरच्या वृत्तपत्रांना एक चमचमीत मथळा मिळाला. ‘साडीमुळे कर्करोग’ असे वाचून कोणी हसले, कोणी घाबरले, कोणी संस्कृतीवर घाला आला म्हणून संतापले. या तिन्ही प्रतिक्रिया सारख्याच उथळ होत. लक्षावधी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या लुगडी नेसली आणि त्यांना काही झाले नाही. हा रोग विरळ आहे. दोष वस्त्राचा नसून आवळलेल्या दोरीचा, वर्षानुवर्षे एकाच जागी बसणाऱ्या घर्षणाचा आणि त्याहून अधिक, तेथे पडलेल्या व्रणाकडे केलेल्या दुर्लक्षाचा आहे.

किंबहुना ही गोष्ट नवीनही नाही, आणि ती प्रथम सांगणारा पुरुष आपल्याच मुलखाच्या नावाचा होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आडनाव उच्चारले की वेंगुर्ल्याजवळची खानोली आठवावी. मुंबईत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळेची धुरा खानोलकरांकडे होती. पुढे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले आणि नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही. या खानोलकरांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासमवेत १९४५ मध्ये एक निबंध लिहिला. लोकांच्या चालीरीती आणि त्यांना होणारा कर्करोग यांचा संबंध काय, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी भारतातील तीन प्रकार नोंदविले आणि त्यांपैकी एकाला नाव दिले ‘धोतराचा कर्करोग’. कमरेवर धोतर घट्ट आवळून बांधणाऱ्या पुरुषांच्या त्वचेचा रंग आधी पालटतो, मग ती जाड आणि खरखरीत होते, आणि अखेर तेथे न भरणारा व्रण पडतो, असे त्यांना आढळले होते. ‘साडीचा कर्करोग’ हे नाव वैद्यकीय लिखाणात आले ते २००५ मध्ये, बॉम्बे हॉस्पिटलच्या नियतकालिकात. म्हणजे पुरुषाच्या कमरेवरचा व्रण दिसला आणि स्त्रीच्या कमरेवरच्या व्रणाला नाव मिळाले, या दोहोंमध्ये साठ वर्षे गेली. वास्तविक या अवधीत धोतर मागे पडले आणि लुगडे टिकून राहिले होते. डॉक्टरापुढे धोतर सैल करणे आणि लुगडे सैल करणे यांत जे अंतर आहे, तेच या साठ वर्षांत मोजले गेले, असे म्हणावेसे वाटते.

चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाची परंपरा मोठी आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे काजळीमुळे होणारा त्वचेचा कर्करोग वर्णिला. काश्मिरात फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग एल्म्सली या मिशनरी डॉक्टराने १८६६ मध्ये नोंदविला. गोमंतकात धुमटीचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत होती आणि १९७० च्या दशकात खेडोपाडी जाऊन अशांची तोंडे तपासण्यात आली, हे जुन्या वाचकांना स्मरत असेल. या साऱ्यांत सूत्र एकच. शरीराच्या एकाच जागेला रोज थोडी थोडी इजा, आणि ती वर्षानुवर्षे.

ही इजा कर्करोगापर्यंत कशी जाते? गाठीखालची कातडी दाबली जाते, घामाने ओली राहते, वाळत नाही. मळ आणि धूळ तेथेच घासली जाते. त्वचा फाटते, शरीर ती शिवते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा गाठ बसते. असे वर्षानुवर्षे चालले की त्या जागी नव्या पेशी सतत घाईने जन्माला घालाव्या लागतात, आणि त्या घाईत एखाद्या पेशीचे नियंत्रण सुटते. जुन्या जखमेवर किंवा भाजल्याच्या वणावर असा कर्करोग उद्भवला की त्याला वैद्यकात ‘मार्जोलिनचा व्रण’ म्हणतात. झाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यवैद्याने १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले होते. आपल्याकडे स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या बायकांचे जुने वण, महारोगात बधिर झालेल्या तळपायाच्या न भरणाऱ्या जखमा, पायांवरचे जुनाट व्रण, या सर्वांवर हाच रोग वीस-तीस वर्षांनी बसलेला डॉक्टरांनी पाहिलेला आहे. त्वचेच्या इतर कर्करोगांपेक्षा हा प्रकार लसिकाग्रंथींकडे पसरण्यास अधिक धजतो, म्हणून त्याच्या बाबतीत दिरंगाई विशेष घातक.

येथे त्वचेच्या कर्करोगाचे प्रकार थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण उपचार त्यावरूनच ठरतो. जगात सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. तो बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूस, डोळ्याच्या कडेला मोत्यासारख्या चकचकीत गाठीच्या रूपाने येतो, अतिशय सावकाश वाढतो आणि शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. मात्र आहे त्या जागी तो उंदराने कुरतडावे तसे मांस पोखरीत जातो. दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा खरखरीत, खपली धरणारा, कडा उंचावलेला, सहज रक्त येणारा. वर्ध्याच्या दोन्ही स्त्रियांना हाच होता. गोऱ्या लोकांच्या देशांत या दोहोंचे मुख्य कारण सूर्यप्रकाश. आपल्या वर्णातील रंगद्रव्य आपले पुष्कळ रक्षण करते, म्हणून आपल्याकडे हे रोग कमी; पण जे होतात त्यांत वण, जुनी जखम, घर्षण अशा कारणांचा वाटा मोठा असतो. तीळ काळवंडून होणारा मेलॅनोमा हा तिसरा आणि सर्वांत क्रूर प्रकार. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

आता उपचार. पहिली पायरी बायॉप्सीची. व्रणाच्या कडेचा छोटा तुकडा जागा बधिर करून काढतात आणि तो प्रयोगशाळेत पाहतात. तुकडा काढला की रोग चवताळतो, चाकू लागला की कर्करोग पसरतो, अशी एक समजूत घराघरांत मुरलेली आहे आणि तिने आजवर अनेकांचा बळी घेतला आहे. त्वचेच्या या कर्करोगांत तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. उलट त्या तुकड्यावाचून डॉक्टर अंधारात चाचपडत राहतो आणि रोगी मलमांवर.

रोग निश्चित झाला की मुख्य उपचार शस्त्रक्रियेचाच. व्रण मुळापासून काढावयाचा आणि त्याच्या भोवतीची निरोगी दिसणारी थोडी त्वचाही बरोबर काढावयाची, कारण रोगाची मुळे डोळ्यांना दिसतात त्याहून दूर गेलेली असतात. व्रण लहान आणि साधा असेल तर ही जादा कड चार ते सहा मिलिमीटर पुरते. मार्जोलिनच्या व्रणात पुष्कळदा दोन सेंटिमीटर सोडावे लागतात. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि त्याच्या सर्व कडा रोगमुक्त आहेत काय हे तपासले जाते. हा अहवाल हाती येईपर्यंत उपचार पुरा झाला असे मानू नये. रोग्याने तो मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. साध्या, लहान, वेळेवर दाखविलेल्या व्रणांत शंभरातील पंचाण्णवांच्या आसपास रोगी एवढ्यावरच बरे होतात. जागा बधिर करून केलेली शस्त्रक्रिया, काही टाके आणि त्याच दिवशी घरी परत: कर्करोग या शब्दाने ज्याचा थरकाप उडतो त्याने हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणावे.

कमरेवर कातडी सैल असते, तेथे कडा ओढून टाके घालता येतात. व्रण मोठा असला तर मांडीची पातळ त्वचा आणून कलम करतात. नाकावर असे करता येत नाही. नाकावरचा बेसल सेल कार्सिनोमा काढल्यावर उरलेला खड्डा भरून काढण्यासाठी आजही कपाळाची कातडी देठासह खाली वळवून नाकावर बसवितात, आणि ही युक्ती जगाला कळली ती पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेतून. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या माणसांनी कापले. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह छापली, आणि ती वाचून कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ते लिहिले असते तर आज प्लॅस्टिक सर्जरीच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असते.

चेहऱ्यासाठी आणखी एक नाजूक पद्धत आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोज यांनी १९३० च्या दशकात तिचा पाया घातला. रोगट त्वचेचा पातळ थर काढावयाचा, तो तेथल्या तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, आणि ज्या बाजूस रोग उरला असेल त्याच बाजूचा पुढचा थर काढावयाचा. असे शेवटची पेशी जाईपर्यंत. निरोगी कातडी कमीत कमी जाते आणि बेसल सेल कार्सिनोमा परतण्याची शक्यता अगदी थोडी राहते. पण हिला वेळ लागतो, खास शिकलेला डॉक्टर लागतो आणि शेजारी प्रयोगशाळा लागते. आपल्या देशात ही सोय मोजक्या मोठ्या शहरांतच आहे, आणि कमरेवरच्या व्रणासाठी तिच्या मागे धावण्याचे कारणही नाही.

चाकूवाचूनही काही उपाय आहेत. वरवरचा, उथळ रोग खरवडून विजेने जाळता येतो. उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनाने तो गोठवता येतो. फ्लुरोयुरॅसिल आणि इमिक्विमॉड ही मलमे काही आठवडे लावून बेसल सेल कार्सिनोमाचा अगदी वरचा थर नाहीसा करता येतो. ही साधने चांगली आहेत, पण ती योग्य रोग्यासाठी. यांत काढलेल्या कडा तपासता येत नाहीत, म्हणून खोल गेलेल्या किंवा जुन्या वणावर उद्भवलेल्या व्रणाला त्यांचा उपयोग नाही. हे स्पष्ट सांगावे लागते, कारण ‘मलमाने कर्करोग जातो’ एवढेच वाक्य गावोगाव फिरते आणि कोणते मलम, कोणत्या कर्करोगासाठी, हा भाग वाटेत गळून पडतो. रोगट मांस जाळणारे दाहक लेप लावणारे लोकही आहेत. वरची खपली गळून पडते, रोगी सुखावतो, आणि खाली रोग वाढतच राहतो.

किरणोपचाराचे स्थान वेगळे आहे. शस्त्रक्रिया झेपणार नाही इतका रोगी वृद्ध किंवा दुबळा असेल, पापणी किंवा ओठासारखी जागा अवघड असेल, तर किरणांनीच रोग बरा करण्याचा प्रयत्न होतो. मज्जातंतूंच्या कडेने रोग गेला असेल किंवा लसिकाग्रंथींत आढळला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर पूरक म्हणून किरण देतात. तरुण रोग्यांत ते शक्यतो टाळतात, कारण किरण घेतलेल्या त्वचेत पुष्कळ वर्षांनी नवा कर्करोग उद्भवू शकतो. वैद्यकीयदृष्ट्या हा उपचार वेदनारहित, पण खेड्यातील माणसाला तो जड जातो तो निराळ्या कारणाने. तो दिवसाआड नव्हे तर आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालतो. सावरगावहून नागपूरला रोज जाणे-येणे शक्य नाही. तेथे राहावयाचे तर बरोबर कोण राहणार, आणि त्या दिवसांची मजुरी कोण देणार? उपचाराचा पर्याय निवडताना वैद्यकशास्त्राइतकाच हा हिशोबही होत असतो.

रोग जांघेतील ग्रंथींत पोहोचला की त्या ग्रंथी काढाव्या लागतात. ही शस्त्रक्रिया मोठी. तिच्यानंतर पायाला सूज येते आणि ती वर्षानुवर्षे राहू शकते. त्याहूनही पुढे गेलेल्या रोगासाठी अलीकडे नवी औषधे आली आहेत. पसरलेल्या बेसल सेल कार्सिनोमासाठी व्हिस्मोडेगिब २०१२ मध्ये आणि पसरलेल्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमासाठी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागवणारे सेमिप्लिमॅब २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ज्यांच्यासाठी पूर्वी काहीच उरत नसे अशांपैकी काहींना त्यांनी आयुष्य दिले आहे. पण त्यांची किंमत ऐकली तर जमीन विकूनही ती भागणार नाही. म्हणजे ज्या व्रणाला पहिल्या सहा महिन्यांत काही टाके पुरले असते, त्याला दोन वर्षांनी मोठी शस्त्रक्रिया आणि तीन वर्षांनी परदेशी औषध लागते. पर्यायांची ही यादी डॉक्टराच्या हाती असते असे आपण समजतो. खरे पाहता रोगी किती उशिरा आला, यावरच ती बहुतांशी ठरून गेलेली असते.

आणि उशीर का होतो? केवळ लाजेने होतो असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. कमरेवर नायटा होणे ही आपल्या दमट हवेतील सर्वसामान्य गोष्ट. घाम आणि घट्ट नाडी यांच्या संगतीने तो बायकांना फार होतो. त्यामुळे तेथे काही खाजू लागले, काळवंडले, की तो नायटाच असे बाई स्वतःच ठरवते, सासूही तेच म्हणते, आणि औषधाच्या दुकानातून मुलाकरवी ट्यूब आणविली जाते. या ट्यूबांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज आणि लाली झटकन शमते, त्वचा आणखी पातळ होते, आणि रोग आहे तेथेच राहतो. एक ट्यूब संपली की दुसरी. दुखत नाही तोवर कामही चालते. लाजेचा प्रश्न येतो तो यानंतर; सुनेला कसे सांगावे, पुरुष डॉक्टरापुढे लुगडे कसे सोडावे, हे विचार तेव्हा येतात जेव्हा व्रणाला वास येऊ लागलेला असतो. येथे एक साधा नियम पाळता येईल. नायटा हा योग्य औषधाने काही आठवड्यांत हटतो. कमरेवरची, किंवा शरीरावर कोठलीही, जखम महिना-दीड महिन्यात भरून आली नाही, तिच्या कडा उंच आणि टणक झाल्या, हात लावताच रक्त आले, की ट्यूब बाजूला ठेवून तुकडा तपासून घ्यावा.

पैशाची अडचण पूर्वीइतकी निरुत्तर राहिलेली नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात, आणि मध्य प्रदेशाचे कार्ड योजनेत सामील असलेल्या नागपूरच्या रुग्णालयातही चालते. १९५६ मध्ये आखली गेलेली सीमा निदान या एका बाबतीत तरी रोग्याच्या आड येऊ नये. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, ही सवलत खुली झाली आहे. वर्ध्याच्या अहवालातील पहिली स्त्री नेमकी याच वयाची होती. गोमंतकात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. सवलत आहे, जी बाई घराबाहेर पडत नाही तिच्यापर्यंत ती पोहोचवावयाची आहे.

ते काम कोणी करावे? सरकारच्या तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे. त्यांचे प्रमाण मोठे, म्हणून ते योग्यच. त्वचेसाठी चौथी मोहीम काढा असे आम्ही म्हणत नाही. विरळ रोगासाठी तेवढा खर्च समर्थनीय ठरणार नाही. पण महारोगाच्या शोधासाठी घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे पाहण्याचे काम आपल्या आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्त्या करीतच आहेत. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी ज्या वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम उभारले, त्या वर्ध्याला त्वचेकडे जागरूकपणे पाहण्याची परंपरा आहे. चट्टा पाहणाऱ्या आशाताईने त्याच भेटीत घरातल्या आजीला एवढेच विचारावे: ‘गाठीखाली काही झोंबतं का, आजी? जखम भरत नाही असं काही आहे का?’ बाईने बाईला विचारलेल्या या प्रश्नाला उत्तर मिळण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि त्यासाठी एक पैसाही जादा लागत नाही.

हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावरही विचारावयास हवा. कंबर कसून मासळीच्या पाट्या वाहणारी कोळीण, चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारी शेतकरीण, यांची वस्त्रे घामाने आणि खाऱ्या पाण्याने ओलीच असतात. खांद्यावर गाठ मारून कापड नेसण्याची कुणबी स्त्रियांची रीत कमरेवरचा काही भार हलका करते. तरीही काम करताना कमर बांधावी लागतेच. पुरुषांचेही तसेच. करगोट्याच्या खालचा काळा पट्टा आपण जन्मखूण असल्यासारखा बाळगतो. त्यातील बहुतेक काळे पट्टे निरुपद्रवी असतात हे खरे. पण काळा पट्टा खरखरीत होऊ लागला, त्यावर भेगा पडू लागल्या, की दोरी सैल करण्याची वेळ आली.

दोरी सैल करणे म्हणजे लुगडे सोडून देणे नव्हे. अरुंद नाडीऐवजी परकराला रुंद पट्टा शिवून घेता येतो, म्हणजे दाब एका रेघेवर न पडता पसरतो. गाठ रोज दोन बोटे वर-खाली सरकवता येते. घरी असताना, निदान रात्री, ती सैल सोडता येते. आंघोळीनंतर ती जागा कोरडी करूनच वस्त्र नेसता येते. शस्त्रक्रिया झालेल्या बाईने जखम पूर्ण भरेपर्यंत कमरेवर काहीही बांधू नये. त्या काळात सैल गाऊन घालण्यास घरच्यांनी नाके मुरडू नयेत. पुढची दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी ती जागा आणि जांघेतील ग्रंथी चाचपून पाहाव्या लागतात, कारण रोग परतला तर बहुधा याच काळात परततो. जागा भरली, टाक्यांचा वण मऊ झाला, की लुगडे पुन्हा नेसता येते. फक्त गाठ वणापासून दूर, दुसऱ्या बाजूस मारावयाची.